आयुक्तसाहेब, ती रेघ तुटक होती

माननीय आयुक्तसाहेब,

स.न.वि.वि.

हे पत्र तुमच्या नावे आहे, पण पाकिटात घातलेलं नाही. पाकिटातले दोन अर्ज देऊन झाले. दोन्हींच्या पोचेवर आवक शाखेचा शिक्का आहे आणि त्यापुढे काही नाही. म्हणून आता उघडं लिहिते, शहराने वाचावं म्हणून.

आपल्या शहराच्या ‘डिजिटल ट्विन’चं, म्हणजे संगणकात उभ्या केलेल्या जुळ्या शहराचं, लोकार्पण नाट्यगृहात झालं, तेव्हा मी मागून चौथ्या रांगेत होते. पडदाभर शहर फिरत होतं. नदी, पूल, मंडईचं कौलारू छप्पर, नव्या टॉवरच्या काचा. निवेदिका म्हणाली, आता तुमच्या गल्लीत जाऊ या. प्रेक्षकांतल्या एकाने गल्लीचं नाव सांगितलं, ती पडद्यावर आली आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग जमीन काचेसारखी पारदर्शक झाली आणि खालच्या वाहिन्या दिसू लागल्या: निळी पाण्याची, तपकिरी मैल्याची, पिवळी गॅसची. माझी गल्ली शेजारचीच. देवळाच्या कोपऱ्यावर तपकिरी लाइन पूर्वेच्या अंगाला वळली आणि माझे हात थांबले. ते वळण माझ्या ओळखीचं होतं. १९९१ साली मीच ते काढलं होतं, ट्रेसिंग पेपरवर, पेनने. फक्त मी काढलेली रेघ तुटक होती.

आमच्या विभागात शिस्त होती. टाकलेली लाइन सलग, टाकायची लाइन तुटक. नकाशाच्या कोपऱ्यात ‘प्रस्तावित’ असंही लिहिलेलं असायचं. पडद्यावर मात्र ती सलग झाली होती, गुळगुळीत झाली होती, आणि तिच्यातून पाणी वाहताना दाखवण्यापर्यंत कोणाची तरी मजल गेली होती. जी लाइन त्या जागी कधी टाकलीच नाही, तिच्यातून.

मी कोण, ते सांगते. आयटीआयचा सिव्हिल ड्राफ्ट्समनचा कोर्स करून १९८४ साली मी महापालिकेच्या मलनिःसारण विभागात ट्रेसर म्हणून लागले आणि २०१७ साली आरेखक म्हणून निवृत्त झाले. तेहतीस वर्षं टी-स्क्वेअर, ब्लेड आणि अमोनियाच्या वासात गेली. प्रिंट काढायच्या खोलीतून बाहेर आलं की डोळे चुरचुरायचे. घरी मुलं म्हणायची, आईला ऑफिसचा वास येतो. संगणकाची भीती असलेली म्हातारी समजू नका. ऑटोकॅड मी एकेचाळिसाव्या वर्षी शिकले आणि नंतर आलेल्या मुलांना शिकवलं. डिजिटल ट्विनला माझा विरोध नाही. उलट, शहराच्या सगळ्या खात्यांचे कागद एका टेबलावर यावेत हे आमच्या पिढीतल्या प्रत्येक आरेखकाचं स्वप्न होतं. आमच्या शेजारच्या खोलीत पाणीपुरवठ्याचे नकाशे होते आणि ते पाहायला लेखी परवानगी लागायची.

लोकार्पणानंतर आठ दिवसांनी मी पहिला अर्ज दिला. त्यात लिहिलं होतं की आमच्या गल्लीतली मैल्याची लाइन मॉडेलमध्ये पूर्वेला दाखवली आहे, प्रत्यक्षात ती पश्चिमेला आहे. काम सुरू झाल्यावर पूर्वेच्या अंगाला कातळ लागला होता. कनिष्ठ अभियंत्यांनी जागेवरच लाइन पश्चिमेला घेतली आणि साइटच्या प्रिंटवर पेन्सिलीने तसं दाखवलं. मूळ ट्रेसिंग दुरुस्त करायला ती प्रिंट आमच्याकडे यायला हवी होती, ती आली नाही, कारण बिल निघालं होतं. हे असं हजारदा व्हायचं. यात त्या अभियंत्यांना मी दोष देत नाही. पाऊस तोंडावर होता.

मे महिन्यात आमच्या गल्लीत केबलसाठी डक्ट टाकायला जेसीबी आला. मुकादमाच्या हातात टॅब होता आणि टॅबवर तुमचं मॉडेल. पूर्वेला मैल्याची लाइन दिसते, म्हणून त्याने पश्चिमेला खणलं. त्याच्या जागी मी असते तर मीही तिथेच खणलं असतं. पहिल्या दणक्यात नऊ इंची स्टोनवेअरचा पाइप फुटला. पुढच्या ओढीत शेजारच्या बिडाच्या पाण्याच्या लाइनचा जोड हलला. दुपारची वेळ, नळाला पाणी नव्हतं, त्यामुळे पाण्याची लाइन फुटल्याचं कोणाला कळलंच नाही. मैल्याचा पाइप कसाबसा बांधला, संध्याकाळपर्यंत चर बुजवला. आता ज्यांच्याकडे चोवीस तास पाणी आहे त्यांना हे समजायचं नाही: नळ बंद असतो तेव्हा लाइनमध्ये दाब नसतो, आणि दाब नसलेली लाइन बाहेरचं आत ओढून घेते. रात्रभर तिने तेच केलं. सकाळी सहाला पाणी आलं तेव्हा पहिल्या हंड्याला वास होता, दुसऱ्याला कमी, तिसऱ्याला नव्हता. लोकांनी तिसऱ्यापासून भरलं.

माझा नातू पाच वर्षांचा आहे. चार दिवस त्याच्या हाताला सलाइन होतं. गल्लीत आणखी दोन घरांत महिन्याभराने कावीळ निघाली. अकरा दिवस आम्ही टँकरवर काढले. या अकराही दिवसांत मॉडेलमध्ये आमची गल्ली हिरवी होती, म्हणजे सगळं ठीक. जुळ्यांतल्या एकाला ताप आला की दुसऱ्यालाही येतो, असं आपल्याकडे म्हणतात. इथे गल्ली तापाने फणफणली होती आणि जुळं ठणठणीत होतं.

दुसरा अर्ज तेव्हाचा.

साहेब, माझं म्हणणं एवढंच आहे: जी रेघ कोणी तपासलेली नाही, ती तपासलेल्या रेघेसारखी दाखवू नका. वेगवेगळ्या खात्यांची माहिती एकत्र आणताना तुमच्या सल्लागारांनी ती एका रंगात रंगवली, आणि खरं काय, अंदाज काय, हा फरक त्या रंगाखाली गेला. आता एकेक सांगते.

मोजमापाच्या शून्यापासून सुरू करू, कारण घोडं तिथेच पेंड खातं. मैलापाणी पंपाने नाही, उताराने वाहतं. त्यामुळे आमच्या नकाशांवर प्रत्येक चेंबरची तळपातळी लिहिलेली असते. पण ती कशापासून मोजली? आमच्या भागात बेंचमार्क, म्हणजे पातळ्या मोजायला धरलेली पक्की खूण, होती देवळाची पहिली पायरी. ती शंभर मीटर धरली आणि सगळ्या पातळ्या त्यावरून काढल्या. समुद्रसपाटीशी तिचा काही संबंध नव्हता, आणि गल्लीतली लाइन टाकण्यापुरता तो लागतही नव्हता. तुमच्या ड्रोनने जमिनीची उंची मोजली ती उपग्रहांच्या हिशेबाने. दोन्ही आकडे जुळेनात, तेव्हा सल्लागारांनी सोपा मार्ग काढला. तळपातळीची ओळ सोडून दिली आणि नकाशावरची ‘खोली’ची ओळ घेतली: रस्त्यापासून अमुक इतकं खाली. आणि ती खोली आजच्या रस्त्यापासून वजा केली.

आजचा रस्ता १९९१ चा रस्ता नाही, साहेब. दर निवडणुकीला डांबराचा एक थर पडला आहे. मी गल्लीच्या तोंडाशी राहते. लग्न होऊन आले तेव्हा आमच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. त्यांवर बसून मी मेथी निवडायचे. आता एकही पायरी नाही, उंबऱ्याला डांबर लागलं आहे. म्हणजे तोंडाशी रस्ता दीड फूट वर आला. गल्लीच्या आतल्या टोकाला मात्र थर टाकणारं यंत्र वळत नाही, तिथे तो तीनच इंच चढला आहे. आता हिशेब करा. लाइन ऐंशी मीटरची, उतार अडीचशेला एक, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाइप उतरतो बत्तीस सेंटिमीटर. रस्त्याच्या चढीतला फरक अडतीस सेंटिमीटर. ही वजाबाकी केली की पाइपचा उतार उलटा होतो. तुमच्या मॉडेलमध्ये आमच्या गल्लीतलं मैलापाणी चढावर वाहतं. लोकार्पणानंतर मॉडेल दाखवायला स्टॉल लावला होता, तिथल्या तरुणाला मी हे दाखवलं. तो म्हणाला, ‘मॅडम, अंडरग्राउंडचं फाइन-ट्यूनिंग फेज टूमध्ये आहे.’

आणि ती देवळाची पायरी? जीर्णोद्धारात तिच्यावर चार सेंटिमीटरचा ग्रॅनाइट बसला. अडीचशेला एक या उतारात चार सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर पाइपचा उतार. यापुढे कोणी त्या पायरीवर स्टाफ, म्हणजे पातळी मोजायची पट्टी, धरला तर तेवढा घोळ आणखी वाढेल.

हा आपल्याच शहराचा दोष आहे असं नाही. मुंबईत महापालिकेच्या जुन्या पातळ्या टाउन हॉलवरून धरलेल्या, भरतीची उंची बंदराच्या तक्त्यातल्या वेगळ्या शून्यापासून, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचं शून्य म्हणजे समुद्राची सरासरी पातळी. एकाच नाल्याच्या तोंडाशी तीन शून्यं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, त्यानंतर पंधरा वर्षांनी, २०२० च्या जूनमध्ये, मुंबईसाठी ‘आयफ्लोज’ ही पूर-इशारा यंत्रणा सुरू झाली. तिचे सात भाग आहेत, आणि पूर कुठे चढेल हे सांगणारा भाग पहिला नाही. पहिला भाग आहे पाऊस, भरती, नाले, जमिनीची उंची ही माहिती गोळा करून एकमेकींत बसवण्याचा. आपण तो भाग सोडून थेट पडद्यावर गेलो.

आडव्या मोजमापाची कथा वेगळी नाही. हद्दीत आलेल्या गावांचे नकाशे भूमी अभिलेखकडून आले. त्यांची टिपणं साखळी-आण्यांत आहेत: तेहतीस फुटांची एक साखळी, तिचे सोळा आणे. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेल्या टोपो नकाशांचा पाया १८३० च्या एव्हरेस्ट गोलाभाचा, म्हणजे पृथ्वीचा आकार धरण्याच्या जुन्या गणिताचा, आणि उपग्रहाची मोजणी डब्ल्यूजीएस ८४ या नव्या गणितावर. बदल न करता एकावर एक ठेवले तर आपल्या भागात शंभरेक मीटरची तफावत येते. ती तुमच्या सल्लागारांना माहीत होती, ती त्यांनी काढली, त्याबद्दल आभार. पण गावनकाशे मात्र रबरासारखे ताणून बसवले. चार कोपरे जुळले की मधलं आपोआप जुळतं, असं समजून. मधल्या विहिरी, पाणंद रस्ते आणि ओढे आता लोकांच्या स्वयंपाकघरांतून जातात. उद्या याच ओढ्याच्या रेषेवरून कोणाचा बांधकाम परवाना नाकारला गेला, किंवा दिला गेला, तर?

इमारतींची नावं. मिळकत करात आमच्या इमारतीला एक नंबर, सिटी सर्व्हेत दुसरा, बांधकाम परवानगीच्या फाइलवर तिसरा, वीजबिलावर चौथा. हे चार एकत्र कसे आणले? पत्ता वाचून. ‘शिवाजीनगर’ आणि ‘शिवाजी नगर’ यंत्राला दोन वेगळी नगरं वाटली, ‘मारुतीच्या मागे’ काहीच वाटलं नाही. परिणाम असा की मॉडेलमध्ये आमची इमारत चार मजली आहे आणि तिच्यात शून्य कुटुंबं राहतात. शेजारच्या दुमजली वाड्यात एकशे बारा. जमिनीच्या तुकड्यासाठी केंद्राचा चौदा अंकी भू-आधार आहे, पण एका तुकड्यावर तीन इमारती असल्या तर तो पुरत नाही. इमारतीला स्वतःचा क्रमांक लागतो. तो ठरवणं कंटाळवाणं कारकुनी काम आहे. पडद्यावर ते दिसत नाही, म्हणून ते झालं नाही.

नाल्यावरच्या सेन्सरचं सांगते, हसू नका. स्टॉलवर एक आलेख लावला होता: गेल्या पावसाळ्यातला पाऊस आणि नाल्याची पातळी. नाला दुपारी एकला चढला होता. पाऊस पडला होता संध्याकाळी साडेसहाला. सगळे कौतुकाने बघत होते. साडेपाच तासांचा फरक पाहून माझ्या भाच्याने डोक्याला हात लावला; तो म्हणाला, नाल्याचा सेन्सर ग्रिनिच वेळ लिहितोय आणि पर्जन्यमापक आपली. पाऊस यायच्या आधी पूर आणणारा नाला आपल्या शहरात आहे, आणि हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण आलेखाकडे पाहणाऱ्या कोणीही त्या नाल्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग ती वस्ती. नाल्याच्या काठावर, पुलाच्या खालच्या अंगाला. ड्रोनने वरून फोटो काढले तेव्हा उन्हाळा होता, प्रत्येक छपरावर निळी ताडपत्री होती. मॉडेलमध्ये त्या शेकडो घरांचं मिळून एक निळसर ढेकूळ झालं आहे. तीन फुटी गल्ल्या वरून दिसत नाहीत, म्हणून त्या नाहीत. मिळकत करात नोंद नाही, म्हणून माणसं नाहीत. पुराचं चित्र चालवून दाखवलं तेव्हा पाणी त्या ढेकळावरून गेलं आणि कोपऱ्यात आकडा आला, बाधित लोकसंख्या शून्य. मी त्या वस्तीत १९९७ साली शौचालयाच्या लाइनची मोजणी करायला गेले होते. टेपचं एक टोक मी धरलं होतं, दुसरं तिथल्या एका बाईने, कडेवर मूल घेऊन. आशा सेविकांच्या वह्यांत, अंगणवाडीच्या पटावर, रेशनच्या यादीत ती माणसं आजही आहेत. ‘विविध स्रोतांचं एकत्रीकरण’ हे शब्द तुमच्या माहितीपत्रकात तीनदा आले आहेत. अंगणवाडीचा पट हा स्रोत नाही का?

ही माहिती घेताना माणसांची नावं, आजार, कर्ज चव्हाट्यावर येता कामा नयेत, हे उघड आहे. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहेच. गल्लीत किती माणसं झोपतात एवढा आकडा पुरे.

बाहेर काय चाललं आहे, तेही थोडं वाचलं. सिंगापूरने ७.३ कोटी सिंगापुरी डॉलर घालून ‘व्हर्च्युअल सिंगापूर’ उभं केलं, आणि जमिनीखालच्या वाहिन्यांसाठी २०१७ पासून वेगळा प्रकल्प हाती घेतला, कारण वरची इमारत विमानातून मोजता येते, खालचा पाइप येत नाही. हेलसिंकीने आपलं त्रिमित मॉडेल खुल्या स्वरूपात लोकांना देऊन टाकलं आहे, कोणीही उतरवून घ्यावं. ब्रिटनमध्ये सरकारच्याच अंदाजाने सुमारे चाळीस लाख किलोमीटर पाइप आणि केबल जमिनीखाली आहेत, वर्षाला साठ हजारांच्या आसपास वेळा त्या चुकून तोडल्या जातात आणि त्यापायी २.४ अब्ज पौंडांचं नुकसान होतं. म्हणून त्यांनी सगळ्या कंपन्यांच्या वाहिन्यांची एक राष्ट्रीय नोंदवही करायला घेतली. तिकडे आणखी एक पद्धत आहे, तिने मला फार बरं वाटलं. जमिनीखालच्या प्रत्येक रेघेला प्रत, म्हणजे भरवशाचा दर्जा, असतो. निव्वळ जुन्या कागदावरून काढलेली सगळ्यात खालची. जागेवर जाऊन झाकणं, चेंबर पाहून जुळवलेली त्याच्या वर. रडारने किंवा यंत्राने शोधलेली त्याच्याही वर. आणि खड्डा खणून डोळ्यांनी पाहिलेली पहिल्या प्रतीची. म्हणजे काय, तर तुटक आणि सलग रेघेचीच आमची जुनी शिस्त, चार पायऱ्यांची केलेली.

आपल्या देशातही याची जाण आहे. खोदण्याआधी वाहिन्यांच्या मालकांना कळवण्यासाठी केंद्राने २२ मार्च २०२३ ला ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप आणलं. बेसुमार खोदाईमुळे वर्षाला तीनेक हजार कोटी रुपयांचं नुकसान होतं, असं तेव्हा सांगितलं होतं. २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात मोठ्या शहरांच्या डिजिटल ट्विनसाठी २०३५ साल धरलं आहे, आणि त्याच मुदतीत जमिनीखालच्या वाहिन्यांची मोजणी आणि नकाशेही. म्हणजे केंद्राने तेरा वर्षं दिली आहेत. आपण अठरा महिन्यांत ‘पूर्ण’ केलं.

आमच्या भागात पाणी सोडणारे चावीवाले मामा पुढच्या वर्षी निवृत्त होतात. कुठल्या व्हॉल्व्हचे आटे उलटे आहेत, कुठला व्हॉल्व्ह रस्त्याच्या थराखाली गाडला गेला आणि दुकानाच्या पायरीपासून किती पावलांवर आहे, कुठल्या लाइनचं दुसरं टोक कोणालाच ठाऊक नाही, हे त्यांच्या डोक्यात आहे. मॉडेल बनवताना त्यांना कोणी काही विचारलं नाही. मी विचारलं, त्यांना वाईट वाटलं का? म्हणाले, ‘वाईट कसलं, ताई. मला वाटलं त्यांना दिसत असेल.’

आता मागण्या. कोणाला निलंबित करा, चौकशी लावा, असं मी म्हणत नाही. मला पुढचं काम हवं आहे.

१. जमिनीखालच्या प्रत्येक रेघेसोबत चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: माहिती कुठल्या कागदातून आली, मोजणी कोणत्या साली झाली, कुठल्या शून्यापासून, आणि तिची प्रत कोणती. न तपासलेली रेघ तुटक दिसली पाहिजे. हे सॉफ्टवेअरमध्ये अवघड नाही. आम्ही ते पेनने करत होतो.

२. तपासणी होईपर्यंत खोदाईच्या परवानगीसाठी या एकट्या मॉडेलचा आधार घेऊ नका. आधी हाताने चाचणी खड्डा खणा, मग जेसीबी लावा.

३. शहरात रोज कुठे ना कुठे चर उघडा असतो. तो बुजवण्याआधी आत दिसणाऱ्या प्रत्येक वाहिनीची जागा, पातळी आणि फोटो घेऊन पंधरा दिवसांत मॉडेलमध्ये चढवण्याचं बंधन घाला. ठेकेदाराचं बिल त्याशिवाय काढू नका. बिल अडकलं की नकाशे कसे भराभर येतात, हे तेहतीस वर्षं पाहिलं आहे.

४. संपूर्ण शहरासाठी पातळीचं एकच शून्य ठरवा. प्रत्येक प्रभागात पक्के बेंचमार्क बसवा, देवळाच्या पायरीवर नकोत, आणि त्यांची यादी जाहीर करा. यापुढे रस्ता करताना जुना थर खरवडून मगच नवा टाका. म्हणजे मॉडेलही सुधारेल आणि माझी पायरीही परत मिळेल.

५. मलनिःसारण विभागाच्या जुन्या इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत, लेव्हल बुकं (पातळ्यांच्या वह्या) आणि साइटच्या प्रिंट लोखंडी कपाटांत आहेत. इमारत पाडायची निविदा निघाली आहे असं ऐकते. आधी ती कपाटं हलवा. पेन्सिलीच्या त्या खुणा ट्रेसिंगवर कधीच उतरल्या नाहीत. स्कॅन करायच्या असतील तर त्या करा.

६. चावीवाले, ड्रेनेजचे बिगारी, निवृत्त कनिष्ठ अभियंते यांना प्रभागवार बोलवा, मॉडेल समोर ठेवा आणि त्यांना चुका काढू द्या. त्या दिवसाचे पैसे द्या. सल्लागारांना मिळतात, तसेच.

७. नालाकाठच्या आणि बिननोंदीच्या वस्त्या पुढच्या पावसाळ्याआधी चालत जाऊन मोजा. ‘शून्य’ आणि ‘माहिती नाही’ हे दोन वेगळे आकडे आहेत, ते पडद्यावर वेगळे दिसू द्या.

८. मॉडेलची लोकांना पाहता येईल अशी आवृत्ती काढा, आणि चूक दिसली तर नागरिकाला तिथेच खूण करता येऊ द्या. खूण केल्यावर काय झालं, तेही त्याला कळू द्या. माहिती खुल्या स्वरूपात महापालिकेच्या मालकीची असावी; ठेका संपला की शहर कोणाच्या पासवर्डमध्ये अडकून राहू नये.

माझ्या बाजूने जे होईल ते मी करते. जिन्याखालच्या खोलीत मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी दहा ते एक, मी विनामोबदला बसेन. कुठलं लेव्हल बुक कुठल्या भागाचं, ते अक्षरावरून सांगेन. माझ्याबरोबर काम केलेल्या बहुतेकांची अक्षरं मला येतात. फक्त खोलीत एक ट्यूबलाइट लावा आणि उंदीर बघा.

सोबत आमच्या गल्लीचा नकाशा जोडला आहे. गेल्या महिन्यात मी, माझा भाचा आणि चावीवाले मामा, तिघांनी टेप लावून केला. चेंबरची झाकणं उघडून पातळ्या घेतल्या, देवळाच्या पायरीवरचा ग्रॅनाइट वजा करून. मैल्याची लाइन पश्चिमेला, पाण्याची तिच्यापासून दोन फुटांवर, दोन्ही सलग काढल्या आहेत. पिंपळाच्या पाराखालून जाणारा सहा मीटरचा तुकडा मात्र तुटक आहे. तिथे कोणी खणून पाहिलेलं नाही.

आपली,
मलनिःसारण विभागातली एक निवृत्त आरेखक